खिडकीवरच्या भिंतीत कॉर्डलेस ड्रिल आत शिरत नाही : दोष यंत्राचा की माझ्या वापराचा?

नवे_घर

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पुण्यात एका नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो. पडद्यांचे रॉड, एक आरसा आणि स्वयंपाकघरातल्या दोन फळ्या एवढ्याशा कामासाठी दर वेळी माणूस शोधावा लागू नये, म्हणून मी हॅमरची सोय असलेले १२ व्होल्टचे कॉर्डलेस ड्रिल विकत घेतले. माहेरच्या घरी वडिलांचे वायरचे जुने ड्रिल मी अनेकदा हाताळले होते, त्यामुळे हे काम आपल्याला सहज जमेल असे मी समजत होते.

प्रत्यक्षात खिडकीच्या वर ६ मिलिमीटरचा बिट लावून भोक पाडायला घेतले, तेव्हा बिट जेमतेम ८-१० मिलिमीटर आत गेला आणि तिथेच गरगरत राहिला. मी स्टुलावर उभी राहून अंगाचा सगळा भार टाकला, तरी तो पुढे सरकला नाही. शेजारी दुसरे भोक घेतले तर तेवढीही खोली मिळाली नाही, बिटाचे टोक निळे पडले आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली. त्यानंतर फळीसाठी प्लायमध्ये स्क्रू पिळायला घेतले, तर दोन स्क्रूंची डोकी पार खाल्ली गेली आणि आता ते आतही जात नाहीत आणि बाहेरही येत नाहीत.

दुकानदार म्हणतो की यंत्रात दोष नाही, १८ व्होल्टचे घ्या. मला आणखी पैसे घालण्यापूर्वी हे समजून घ्यायचे आहे की माझे नेमके चुकते कोठे. यंत्राच्या गळ्याभोवती १ ते २० आकडे असलेली जी कडी आहे, तिचा उपयोग काय हेही माहितीपत्रकातून मला नीट उमगले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

साइटवरचा

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात कमी आणि भिंतीत जास्त आहे. तरीही आधी एक साधी गोष्ट तपासा, आणि कृपया राग मानू नका. ट्रिगरच्या वर जी आरपार ढकलायची कळ असते, ती उलट्या दिशेला राहिलेली नाही ना, हे पाहा. बिटाच्या धारा एकाच दिशेने कापतात. उलटा फिरणारा बिट कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्यातून फक्त उष्णता निर्माण होते. दुसऱ्या भोकाच्या वेळी टोक निळे पडले असे आपण लिहिले आहे, म्हणून मला ही शंका आली. बांधकामावर पंधरा वर्षे काम केलेल्या माणसांकडूनही ही चूक झालेली मी पाहिली आहे.

आता भिंतीविषयी. नव्या उंच इमारतींत विटांची भिंत पुष्कळदा नसतेच. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओततात. साइटवर या पद्धतीला सगळे जण सरसकट मायवान म्हणतात. तुमची इमारत तशी असेल, तर आपण जिला भिंत म्हणता तो वस्तुतः उभा केलेला स्लॅब आहे. त्यावर गिलाव्याचा जाड थर नसतो, फार तर पुट्टीचा पातळ हात असतो. शिवाय आपल्याकडची खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, आणि काँक्रीटमध्ये ती २० मिलिमीटरपर्यंतच्या आकाराची असते. बिट सुरुवातीला सिमेंट आणि वाळूच्या भागातून भरभर जातो आणि ८-१० मिलिमीटरवर एखाद्या खड्याच्या पाठीवर जाऊन बसतो. आपल्या पहिल्या भोकात हेच घडले असावे.

भिंत कशाची आहे हे ओळखण्यासाठी भोकातून पडणारा चुरा बोटावर घेऊन पाहावा. लाल किंवा विटकरी चुरा आला तर वीट आहे, निश्चिंतपणे पुढे जावे. पांढरट आणि हलका भुसा येऊन बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रे असलेला हलका सिमेंटचा ठोकळा आहे. तेथे भोक पाडणे सोपे, पण साधा प्लग (स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकायची नळी) त्यात नीट धरत नाही, त्यासाठी लांब आणि रुंद पसरणारे प्लग घ्यावे लागतात. पिठासारखा बारीक राखाडी चुरा थोडा थोडा येत असेल, तर ते काँक्रीट. जुन्या विटांच्या इमारतींतही पडद्याच्या रॉडवाल्यांना हाच त्रास होतो, कारण खिडकीच्या लगेच वर लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई असते. ते बहुधा सहा इंच उंचीचे असते आणि खिडकीच्या दोन्ही कडांच्या बाहेर भिंतीत आणखी तेवढेच शिरलेले असते. तशा घरात ब्रॅकेट सात-आठ इंच वर सरकवले की बिट एकदम विटेत जातो आणि यंत्र बदलल्याचा भास होतो. मायवानमध्ये ही पळवाट नाही.

आपल्या यंत्रातील हॅमर म्हणजे काय, हेही सांगतो. आत दातेरी कडा असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून फिरतात आणि दात दातावरून घसरताना बिट पुढेमागे हलतो. एका मिनिटात असे हजारो ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका म्हणजे टिचकी. विटेला टिचकी पुरते, बेसाल्टला पुरत नाही. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर नावाचे वेगळे यंत्र असते. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेने एक वजन बिटाच्या मागच्या टोकावर आदळते. ठोके संख्येने बरेच कमी, पण प्रत्येक ठोक्यात घणाचा अंश असतो आणि त्याला तुमच्या खांद्याच्या जोराची गरज लागत नाही. म्हणून १२ च्या जागी १८ व्होल्टचे त्याच जातीचे ड्रिल घेतल्याने आपली अडचण काही अंशी कमी होईल, पण सुटणार नाही.

दोन-चार भोकेच पाडायची असतील, तर आहे त्या यंत्रावर असे करून पाहा. काँक्रीटचा नवा आणि चांगल्या प्रतीचा बिट घ्या. जुन्याच्या टोकाला बसवलेली कार्बाइडची पाती तापून बोथट झाली असेल. आधी ४ मिलिमीटरचे भोक पूर्ण खोलीपर्यंत घ्या आणि मग तेच ६ मिलिमीटरने रुंद करा. गिअर दोनवर, म्हणजे जास्त वेगावर, गळ्याभोवतीची कडी हातोड्याच्या चिन्हावर, ट्रिगर पूर्ण दाबलेला, आणि दर दहा सेकंदांनी बिट फिरता ठेवूनच बाहेर ओढून चुरा झटकायचा. आत साचलेला चुरा गादीसारखे काम करतो आणि सगळे ठोके गिळून टाकतो. दाब बेताचा ठेवा. अंगाचा भार टाकल्यास मोटार मंदावते, ठोके मंदावतात आणि बॅटरीतून प्रवाह मात्र वाढत जातो. आपली बॅटरी तापली ती यामुळेच. संपूर्ण घराचे काम असेल, तर एका दिवसासाठी रोटरी हॅमर भाड्याने आणा.

अचानक राखाडी चुरा थांबून खणखणीत आवाज येऊ लागला आणि भोकात चकाकी दिसली, तर आपण सळईवर पोहोचला आहात. तेथे हट्ट करू नये. सळईवर काँक्रीटचे आवरण तुळईत २५ आणि कॉलममध्ये ४० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्लगसाठी लागणाऱ्या खोलीवर ती भेटणे अगदी शक्य आहे. भोक दीड-दोन इंच बाजूला घ्या आणि पहिले बुजवून टाका.

---

रंधा

भिंतीचे वरील सदस्यांनी सविस्तर सांगितलेच आहे. मी सुतारकामातला, त्यामुळे स्क्रूंबद्दल आणि त्या कडीबद्दल लिहितो.

ताई, ती आकड्यांची कडी म्हणजे क्लच. ठरलेल्या जोरापेक्षा जास्त जोर लागला की आतली यंत्रणा कटकट असा आवाज करून घसरते आणि स्क्रू फिरायचा थांबतो. हा आवाज ऐकून पुष्कळ लोकांना यंत्र मोडल्यासारखे वाटते आणि ते कडी फिरवून थेट ड्रिलच्या चिन्हावर नेतात. त्या चिन्हावर क्लच पूर्ण बंद असतो, म्हणजे यंत्राचा सगळा जोर स्क्रूच्या डोक्यावर येतो. आपल्या स्क्रूंची डोकी खाल्ली गेली ती बहुधा अशीच. प्लायमध्ये स्क्रू पिळताना गिअर एकवर ठेवावा, क्लच चार-पाचवर ठेवून सुरुवात करावी, आणि डोके पृष्ठभागाशी सपाट बसण्याआधीच कटकट होऊ लागली तर एकेक आकडा वाढवत जावे. एकदा आकडा सापडला की त्याच फळीचे सगळे स्क्रू एकसारखे बसतात. गिअरची कळ मात्र यंत्र पूर्ण थांबल्यावरच सरकवावी, नाही तर आतले दाते जातात.

दुसरे कारण बिट. घरगुती वापराच्या बहुतेक चौफुली स्क्रूंना दोन नंबरचा फिलिप्स बिट लागतो. पेटीत आलेला एक नंबरचा बिटही त्यात जातो, पण सैल बसतो आणि फिरताना बाहेर उडी मारतो. प्रत्येक उडीला खाचेचा थोडा धातू सोलला जातो. बिट खाचेत घालून हाताने हलवून पाहावा, खुळखुळला तर बदलावा. यंत्र स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत धरावे आणि मागून तळव्याने दाबावे. येथे मात्र दाब हवा, वेग नको.

तिसरे, प्लायमध्ये आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नये. आठ नंबरच्या स्क्रूला अडीच ते तीन मिलिमीटरचे भोक पुरते. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू स्वस्त मिळतात म्हणून लोक फळ्यांना वापरतात. ते कडक असले तरी ठिसूळ असतात आणि भार आला की मानेतून तुटतात. फळीला ते वापरू नका.

अडकलेल्या दोन स्क्रूंसाठी रुंद रबर बँड खाचेवर पसरून त्यावरून बिट दाबा, यंत्र उलट्या दिशेला आणि अगदी हळू फिरवा. नाहीच निघाले तर डोके पक्कडीत धरता येईल इतपत भोवतालचे लाकूड पटाशीने मोकळे करा.

पडद्याच्या रॉडसाठी माझा सल्ला थोडा निराळा आहे. भाड्याचे यंत्र एकदा आणून खिडकीच्या वर भिंतीला लाकडाची एक पट्टी चार ठिकाणी पक्की करून घ्या आणि तिला भिंतीचाच रंग द्या. पुढे ब्रॅकेट, झालर, वर्ष-दोन वर्षांनी बदललेला रॉड, जे काही लावायचे असेल ते त्या पट्टीत तुमच्याच छोट्या ड्रिलने लागेल.

जाता जाता, ज्या प्लगला दुकानात रावळ प्लग किंवा गिट्टी म्हणतात, त्यातला रावळ कोणी मराठी गृहस्थ नव्हे. रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज ठेकेदाराने शंभरेक वर्षांपूर्वी तो काढला. तो नायलॉनचा नव्हता, तसे प्लग जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी १९५८ साली आणले. प्लग गिलाव्यात नव्हे, भिंतीच्या गाभ्यात बसला पाहिजे. त्यासाठी प्लगच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त खोली मोजून बिटावर चिकटपट्टीचा वळसा घालावा आणि पट्टी भिंतीला टेकली की थांबावे.

---

चौथा_मजला

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण ‘स्टुलावर उभी राहून अंगाचा सगळा भार टाकला’ हे वाक्य वाचून मला राहवले नाही.

तीन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टाकीच्या लोखंडी घोडीला भोक पाडताना माझे उजवे मनगट मुरगळले होते. यंत्र १८ व्होल्टचे, बिट १० मिलिमीटरचा, गिअर एक, आणि हात एकच. दुसऱ्या हाताने मी अँगल धरला होता. भोक पडत असताना काहीच त्रास नव्हता. पण बिट पलीकडून बाहेर पडण्याच्या क्षणी उरलेल्या पातळ पत्र्यात त्याची धार अडकली, बिट थांबला आणि बिटाऐवजी यंत्र फिरले. ट्रिगर सोडावा हे कळेपर्यंत मनगट वळलेले होते. पुढचे तीन आठवडे मी डाव्या हाताने जेवत होतो. बिनवायरचे म्हणजे कमी ताकदीचे, या समजुतीने मी गाफील राहिलो; खरे तर मंद गिअरमध्ये या यंत्रांचा पीळ वायरच्या घरगुती ड्रिलपेक्षाही जास्त असू शकतो.

तेव्हापासून मी लोखंड शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये पकडल्याशिवाय भोक पाडत नाही. आधी पंचने खूण ठोकतो, बारीक बिटाने सुरुवात करतो, तेलाचे दोन थेंब सोडतो, वेग कमी ठेवतो आणि बिट आरपार जायला आला की दाब जवळजवळ काढून घेतो. यंत्रासोबत बाजूची मूठ मिळाली असेल, तर ती पेटीत ठेवण्यासाठी नसते. स्टुलाऐवजी रुंद पायऱ्यांची घोडाशिडी घ्या आणि यंत्र छातीच्या उंचीला येईल एवढ्या पायरीवर उभ्या राहा, म्हणजे बिट अडकला तरी तोल जाणार नाही.

ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस या चारही गोष्टी चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या फिरत्या तोंडाच्या, टप्प्यातून दूर ठेवा. हातमोज्यांविषयी लोकांचा नेहमी गैरसमज होतो: फिरत्या बिटाजवळ कापडी हातमोजा संरक्षण देत नाही, तो बिटात गुंडाळला जाऊन बोटे आत ओढतो. चष्मा मात्र हवाच, आणि डोक्याच्या वर भोक पाडताना तर त्याला पर्याय नाही. काँक्रीटच्या चुऱ्यात बारीक सिलिका असते, म्हणून चांगला मास्क लावा आणि नंतर झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या. भोकाच्या खाली कागदी पाकीट उघडे करून चिकटपट्टीने लावले, तर निम्मा चुरा त्यातच पडतो. बिट बदलताना दिशेची कळ मधोमध आणून ट्रिगर अडकवून ठेवा. शक्य असल्यास बॅटरीच काढा.

आणि विजेची वायर. स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली जाणारा पट्टा भोकासाठी वर्ज्य समजा, कारण आतला पाइप सहसा त्याच रेषेत असतो. कॉर्डलेस ड्रिलचा मोठा फायदा असा, की त्या खोलीचा एमसीबी खाली पाडूनही काम करता येते. हा फायदा न घेता काम करणे मला पटत नाही, कारण बिट जिवंत वायरीत गेला तर त्याच क्षणी चकही जिवंत होतो.

बॅटरी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, ही जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय आहे. हिला त्याची गरज नाही. महिनोन्महिने ठेवायची असेल, तर अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत नको.

---

नवे_घर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सावकाश बसून सगळे पुन्हा तपासले, त्याचा वृत्तांत देत आहे.

साइटवरचा यांची शंका खरी ठरली, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. पहिले भोक अडल्यावर बिट बाहेर काढण्यासाठी मी कळ उलटी केली होती आणि दुसरे भोक तशाच स्थितीत पाडायला घेतले होते. चुरा राखाडी पिठासारखाच आहे आणि सोसायटीच्या कार्यालयात विचारल्यावर भिंती ओतीव काँक्रीटच्या असल्याचे कळले.

नवा ४ मिलिमीटरचा बिट आणून सांगितल्याप्रमाणे प्रयत्न केला. एक भोक पस्तीस मिलिमीटर खोल झाले, पण त्याला विश्रांती धरून बारा मिनिटे लागली. दुसरे वीस मिलिमीटरवर थांबले आणि मी ते सोडून दिले. तेव्हा पट्टीची कल्पना पक्की केली. पुढच्या शनिवारी रोटरी हॅमर भाड्याने आणून तीन खिडक्यांच्या पट्ट्या एकाच दिवसात लावून घेणार आहे. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी दोन ते चार आवाज करता येत नाही, त्यामुळे सकाळीच सुरुवात करेन. फळीचे काम मात्र झाले. क्लच सातवर ठेवल्यावर सगळे स्क्रू सपाट बसले. अडकलेल्यांपैकी एक स्क्रू रबर बँडने निघाला. दुसरा पक्कडीने काढावा लागला.

आता शेवटचा प्रश्न. आरसा न्हाणीघरात, टाइलवर लावायचा आहे. रोटरी हॅमर घरात आलेलाच असेल, तर त्यानेच टाइलला भोक पाडले तर चालेल का?

---

रंधा

टाइलला त्याने हात लावू नका. पहिल्याच ठोक्याला टाइल तडकेल, आणि त्याच रंगाची टाइल पुन्हा मिळणे किती कठीण असते हे नव्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको.

टाइलसाठी भाल्याच्या पात्यासारख्या टोकाचा, काचेला वापरतात तो बिट घ्या. जिथे भोक हवे तिथे कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे-उभे लावा, त्यावर खूण करा, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावरून बिट घसरणार नाही. हॅमर बंद, कडी ड्रिलच्या चिन्हावर, गिअर एक, आणि ट्रिगर अर्ध्यापेक्षा कमी दाबलेला. हे काम तुमच्या १२ व्होल्टच्या यंत्राचेच आहे. कोणी तरी शेजारी उभे राहून स्पंजने बिटावर पाण्याचे थेंब सोडत राहिले तर टोक तापत नाही. पाणी यंत्रावर किंवा बॅटरीवर येऊ देऊ नका. भोक टाइलच्या कडेपासून किमान दोन बोटे आत असावे. आधी नळाच्या जागा पाहून घ्या, कारण नळ आणि शॉवर यांच्यामधल्या सरळ रेषेत पाण्याचा पाइप असण्याची शक्यता फार असते.

टाइल आरपार झाल्याचे हाताला लगेच कळते, कर्रकर्र थांबून बिट मऊ मसाल्यात जातो. तेथे थांबा आणि बिट बदला. मागचे काँक्रीट रोटरी हॅमरनेच घ्या, पण टाइलमधले भोक अर्धा मिलिमीटर का होईना मोठे ठेवा, म्हणजे ठोके देणारा बिट टाइलच्या कडेला शिवणार नाही. आणि प्लग टाइलच्या मागे जाईपर्यंत ठोका. तो टाइलच्या जाडीतच राहिला, तर स्क्रू आवळताना पसरतो आणि इतकी काळजी घेऊन वाचवलेली टाइल शेवटच्या पिळाला फुटते.